थंडीचे तीन महिने उबदार हवेत: निवृत्तांसाठी एका डॉक्टरचे सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ ६८ वर्षांचे, निवृत्त. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्यांतली एक लघवी वाढवणारी. मधुमेह आहे आणि रात्री इन्सुलिन घ्यावं लागतं. पत्नी ६६ वर्षांच्या, त्यांच्या गुडघ्यांची झीज झाली आहे आणि अलीकडे थोडं विसरायला होतं. थंडी सोसत नाही म्हणून यंदा तीन महिने उबदार ठिकाणी घर भाड्याने घेऊन राहायचा विचार आहे. दिवसाची आखणी कशी करावी, तिथून आसपास फिरायला कधी निघावं आणि औषधांचं काय करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

जरूर जा. वृद्धांवर उपचार करताना गेली अनेक वर्षं मी अशी ये-जा करणारी जोडपी पाहत आलो आहे आणि बहुतेकांना त्याचा फायदा होतो. मात्र अडचणी कधी येतात ते आधी सांगतो. तीन महिन्यांच्या मधल्या काळात क्वचितच काही बिघडतं. बिघडतं ते पोचल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत आणि घरी परतल्यानंतरच्या दोन आठवड्यांत. लोकांची सगळी आखणी मधल्या दिवसांची असते. तुम्ही ती या दोन टोकांपासून सुरू करा.

थंडीत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावरचा भार वाढतो. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात हिवाळ्यात जास्त दिसतात ते बऱ्याच अंशी यामुळे. छातीचे संसर्गही त्या दिवसांत जास्त दिसतात. डॉक्टरांनी माणसांना उबदार हवेत धाडण्याची पद्धतही जुनी आहे. जेम्स हेन्री बेनेट हे इंग्रज डॉक्टर स्वतः क्षयाने खंगलेले असताना १८५९ मध्ये भूमध्य समुद्राकाठच्या, आजच्या फ्रान्समधल्या मांतोंला गेले, तिथे बरे झाले आणि मग दर हिवाळ्यात तिथेच रुग्ण तपासू लागले. शेजारचं नीस शहर तर हिवाळी पाहुण्यांमुळेच वाढलं. युनेस्कोने २०२१ मध्ये त्याला जागतिक वारशात घेतलं तेही ‘हिवाळी विश्रामाचं शहर’ म्हणूनच. पण बेनेट यांच्या रुग्णांकडे गोळ्या नव्हत्या, हवा हाच त्यांचा उपचार होता. तुमच्याकडे हवाही आहे आणि गोळ्याही, आणि दोन्ही एकाच दिशेने काम करतात. सगळी काळजी घ्यायची ती याच कारणासाठी.

उबदार हवेत त्वचेच्या रक्तवाहिन्या सैल होतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, रक्तदाब आपोआप उतरतो. थंडीत बेताचा वाटणारा डोस तिथे जास्त ठरू शकतो. त्यात लघवीची गोळी असेल तर अधिकच. मग माणूस पहाटे उठून बाथरूमकडे निघतो आणि भोवळ येऊन पडतो. खुब्याचं हाड मोडलं की पुढचं वर्षभराचं सगळंच बदलून जातं. म्हणून रक्तदाब मोजायचं यंत्र बरोबर न्या आणि पहिले दोन आठवडे रोज सकाळी मोजा. आधी पाच मिनिटं शांत बसून, मग उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर डॉक्टरांना कळवायचं. गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नका. निघण्यापूर्वीच तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या: कोणत्या आकड्याखाली कळवायचं, कोणती गोळी आधी कमी करायची, उलट्या-जुलाब झाले तर कोणत्या तात्पुरत्या थांबवायच्या. लघवीची गोळी, नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची औषधं शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना चालू राहिली तर मूत्रपिंड अडचणीत येऊ शकतं किंवा रक्तातलं आम्ल वाढू शकतं. हे कागदावर हाताशी असलं म्हणजे परक्या गावी रात्री दोन वाजता अंदाज बांधत बसावं लागत नाही.

पाण्याबद्दल दोन्ही बाजू सांगायला हव्यात. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे ‘तहान लागली की पितो’ हे पुरत नाही. ठरावीक वेळी प्यावं आणि लघवीचा रंग फिकट पिवळा राहतो ना, ते पाहावं. पण उन्हाच्या धास्तीने दिवसभर नुसतं साधं पाणी ढोसणंही धोक्याचं आहे. थायझाइड प्रकारची लघवीची गोळी घेणाऱ्यांमध्ये त्याने रक्तातलं सोडियम घटतं, आधी गळून गेल्यासारखं वाटतं आणि मग माणूस बरळू लागतो. हृदय कमकुवत असलेल्यांना पाण्याची मर्यादा घालून दिलेली असते. त्यांनी ती पाळावी, रोज सकाळी वजन करावं आणि तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर लगेच दाखवावं.

आता इन्सुलिन. उष्णतेत त्वचेखालून ते लवकर शोषलं जातं. शिवाय तिथे तुम्ही घरच्यापेक्षा जास्त चालणार. दोन्हींमुळे साखर उतरते. साखर उतरल्याची खूण म्हणजे घाम, थरथर, धडधड. उबदार गावी घाम आला की माणूस उन्हाला दोष देऊन मोकळा होतो आणि सावलीत जाऊन बसतो. साखर मात्र उतरतच राहते. तुमच्या दोन गोळ्यांतली दुसरी बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके संथ करणारी, असेल तर थरथर आणि धडधड फारशी जाणवणारही नाही, घाम तेवढा उरेल. म्हणून पक्का नियम करा: अनपेक्षित घाम आला तर आधी साखर मोजायची, मग कारण शोधायचं. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या कायम असू द्या. पहिले काही दिवस झोपण्यापूर्वी आणि पहाटे एकदा मोजणं इष्ट.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसला फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवायचं. वापरात असलेलं पेन सहसा चार आठवडे बाहेर चालतं, मात्र खोली फार तापत नसेल तरच. नेमकी मर्यादा खोक्यावर दिलेली असते. उन्हात उभ्या गाडीत ते तासभरही ठेवू नका. विमानात सामानाच्या डब्यात देऊ नका, तिथे ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी निरुपयोगी असतं. साखर तपासायच्या पट्ट्यांची बाटली घट्ट बंद ठेवा, दमट हवेत उघडी राहिली तर आकडे चुकतात. प्रवासात घड्याळाचे बरेच तास बदलणार असतील तर पूर्वेकडे जाताना दिवस आखूड होतो आणि दोन डोसांमधलं अंतर कमी होतं. त्या दिवशीचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

तुमच्या पत्नीच्या विसरण्याकडे मी तुमच्या मधुमेहापेक्षाही गंभीरपणे पाहीन. स्वतःच्या घरात माणूस वर्षानुवर्षांच्या सवयीवर चालतो. दिव्याचं बटण कुठे, चष्मा कुठे, बाथरूमला किती पावलं, हे लक्षात ठेवावं लागत नाही, हातापायांना ठाऊक असतं. त्यामुळे सुरुवातीची विस्मृती झाकली जाते. अनोळखी घरात हा आधार निघून जातो आणि ‘इथे येईपर्यंत ती अगदी ठीक होती’ असं घरचे म्हणू लागतात. रात्री जाग आल्यावर आपण कुठे आहोत ते न कळणं, संध्याकाळी अस्वस्थ होणं, ‘घरी जाऊ या’ म्हणणं, असं पहिल्या आठवड्यात घडू शकतं. आजार तिथे गेल्याने झाला असं नसतं, तो तिथे दिसला एवढंच.

म्हणून जाण्याच्या दोन महिने आधी त्यांची तपासणी करून घ्या. स्मरणशक्तीची साधी चाचणी, बी-१२, थायरॉइड, ऐकू नीट येतं का, मन उदास आहे का. चालू औषधांची यादीही तपासून घ्या. झोपेच्या काही गोळ्या, सर्दी-खाजेच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या आणि लघवी रोखण्यासाठीच्या काही गोळ्या म्हाताऱ्या माणसाची स्मृती धूसर करतात. त्यांतली एखादी बंद केल्यावर फरक पडलेली माणसं मी पाहिली आहेत.

जमलं तर तीन महिन्यांचं घर घेण्यापूर्वी त्याच भागात आठ-दहा दिवस राहून पाहा. ते चांगलं गेलं तरच पुढचा करार करा. घर घ्याल ते एकच, मधे बदलू नका, आणि पुढच्या वर्षी जायचं झालं तर शक्यतो तेच. बरोबर त्यांची उशी, रोजचं घड्याळ, एखादं ओळखीचं पांघरूण न्या. पलंगाची जी बाजू घरी त्यांची आहे तीच तिथेही ठेवा. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा हवा, सतरंज्या-पायपुसणी उचलून ठेवा, बाथरूममध्ये धरायला दांडा नसेल तर घरमालकाला आधीच सांगा. त्यांच्या पर्समध्ये तिथला पत्ता आणि तुमचा नंबर लिहिलेलं कार्ड असू द्या. आणि कृपा करून ‘सांग बघू, आज वार कोणता?’ अशी परीक्षा घेऊ नका. त्याने स्मृती वाढत नाही, भीती वाढते.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, झोपाळूपणा आला, भास होऊ लागले तर ती विस्मृती नव्हे. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, सोडियम घटणं, पाणी कमी पडणं, तुंबलेली लघवी, नवीन औषध यांपैकी काहीतरी मागे असतं आणि बहुधा ते बरं होण्यासारखं असतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दिवसाच्या आखणीबद्दल माझं मत ठाम आहे. पहिले दोन आठवडे काहीही पाहायला जायचं नाही. शरीराला उष्णता सवयीची व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटू लागतो, रक्तातलं पाणी वाढतं, नाडी स्थिरावते. वय वाढलं की हे सगळं सावकाश होतं. त्या दिवसांत सकाळी आणि उतरत्या उन्हात पंधरा-वीस मिनिटं चालायचं, दुपारी घरात थांबायचं. सकाळचं चालणं टाळू नका, सकाळच्या उजेडाने झोपेचं घड्याळ जाग्यावर येतं. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत असू द्या. पहिल्याच आठवड्यात, तब्येत उत्तम असताना, तिथल्या एका डॉक्टरांची ओळख करून घ्या, जवळचं रुग्णालय आणि रात्री उघडं राहणारं औषधाचं दुकान पाहून ठेवा.

त्यानंतर हळूहळू वाढवा. ६५ वर्षांवरच्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन आहे. घरी थंडीत हे जमत नाही, तिथे जमतं. माझ्या मते जाण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच. गुडघ्यांबाबत विचाराल तर नुसत्या उबेवर भिस्त ठेवू नका. मँचेस्टर विद्यापीठाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हवेतली आर्द्रता जास्त, हवेचा दाब कमी आणि वारा जोराचा असेल त्या दिवशी दुखणं काहीसं जास्त आढळलं. म्हणजे दमट किनारा निवडलात तर गुडघे कुरकुरू शकतात. गुडघ्यांना खरा आराम मिळतो तो रोज चालण्याने आणि मांडीचे स्नायू बळकट झाल्याने. पोहण्याचा तलाव जवळ असेल तर कमरेइतक्या पाण्यात चालणं फार उत्तम.

अतिनील निर्देशांक (उन्हातल्या त्वचा भाजणाऱ्या किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) ३ किंवा त्यावर असेल तेव्हा टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन वापरा. थायझाइड, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन किंवा डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घेणाऱ्यांची त्वचा उन्हाला लवकर भाजते. आणि मधुमेह आहे म्हणून खास सांगतो: वाळूत, तलावाकाठच्या फरशीवर अनवाणी चालू नका. पायांची संवेदना कमी झालेली असली तर तळवा भाजतो आणि कळतही नाही. रोज रात्री तळवे आरशात पाहा.

माणसांचाही विचार हवा. घरी शेजारी-पाजारी असतात, तिथे पहिला महिना तुम्ही दोघंच. एकमेकांशिवाय दुसरं कोणी नसलं की चांगल्या जोडप्यांतही चिडचिड होते. आठवड्यातले दोन दिवस ठरलेल्या वेळी कुठेतरी जायचं ठरवा: वाचनालय, भजन, चालणाऱ्यांचा गट, काहीही. आणि रोज तासभर तरी दोघांना आपापला वेगळा वेळ मिळू द्या.

आसपासचा प्रवास तिसऱ्या आठवड्यापासून. सुरुवात सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याने करा. मुक्कामाची सहल पाचव्या-सहाव्या आठवड्यात, तीही एकाच ठिकाणी. जितके दिवस बाहेर राहाल तितकेच दिवस परतल्यावर मोकळे ठेवा. पत्नी दुसऱ्या अनोळखी खोलीत रात्री गोंधळत असतील तर मुक्काम सोडून द्या आणि दिवसाच्या सहलीच करा, त्यात काही कमी पडत नाही.

चार तासांहून लांबचा बसून प्रवास, मग तो विमानाचा असो वा बसचा, पायांच्या नसांत रक्त गोठण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात निरोगी माणसासाठी तो ६००० त सुमारे एक इतका दिला आहे, म्हणजे घाबरण्याजोगा नाही. पण पूर्वी गुठळी झालेली असेल, कर्करोग असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर तो बराच वाढतो. दर तासाला उठा, बसल्या जागी पावलं वर-खाली करत राहा. गुठळी टाळण्यासाठी प्रवासात घालतात ते घट्ट मोजे घालण्यापूर्वी तुम्ही मात्र पायांची नाडी तपासून घ्या, मधुमेहात पायांच्या धमन्या अरुंद असू शकतात आणि मग हे मोजे अपाय करतात. विमानाच्या आत हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या इतका असतो. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी त्यासाठी आधी विचारून घ्यावं. २५०० मीटरपेक्षा उंच डोंगरावर उबदार किनाऱ्यावरून एका दिवसात चढून जाण्याचा बेत करू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. एका पानावर आजार, औषधांची मूळ रासायनिक नावं, डोस, ॲलर्जी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि ईसीजीची प्रत. औषधं तीन महिने अधिक दोन आठवड्यांची, मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत. कोडीन, ट्रॅमाडॉल ही वेदनाशामकं आणि झोपेच्या गोळ्या यांवर काही देशांत कडक निर्बंध आहेत, तेव्हा प्रिस्क्रिप्शन बरोबर हवंच. प्रवास विम्यातलं एक कलम लोक वाचत नाहीत: जुना आजार ठरावीक काळ, कुठे तीन तर कुठे सहा महिने, ‘स्थिर’ असावा लागतो आणि त्या काळात औषधाचा डोस बदलला तरी काही कंपन्या दावा नाकारतात. म्हणून मोठे बदल बरेच आधी करून घ्या, आणि करावे लागले तर विमा कंपनीला कळवा. दुसऱ्या देशात जाणार असाल तर मुदतही मोजा. शेंगेन देशांत, म्हणजे आपसांतल्या सीमा खुल्या असलेल्या युरोपीय देशांच्या गटात, बाहेरच्यांना कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस धरून. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी मिळून बरोबर ९० होतात, लीप वर्षी ९१. फ्लूची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्या, तिचा परिणाम यायला तेवढा वेळ लागतो. न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकोकल लस राहिली असेल तर तीही.

आता परतीचं, ज्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. थंडी संपण्यापूर्वी परत येऊ नका. शरीर उबेला सरावलेलं असतं, तिथे कदाचित गोळी कमी झालेली असते, आणि मग दिवसभराच्या प्रवासानंतर माणूस एकदम गारठ्यात उतरतो. रक्तदाब काही दिवसांतच चढतो. कमी केलेली गोळी पूर्ववत करायची का, केव्हा, हे निघण्याआधीच्या आठवड्यात फोनवर ठरवा आणि आल्यावर पुन्हा दोन आठवडे रोज मोजा. बर्फ पडत असेल तर ते फावड्याने उपसायचं काम तुमचं नाही. थंडीत अचानक केलेले जोराचे श्रम हृदयाला झेपत नाहीत.

बंद घर आधी कुणाकडून तरी उघडून गरम करून घ्या. खोलीचं तापमान १८ अंशांच्या खाली नको, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस आहे. तीन महिने साचलेलं नळांचं पाणी काही मिनिटं वाहू द्या, शॉवरची चाळणी काढून बादलीत. तुषार श्वासात जाऊ देऊ नका. साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला जंतू वाढतात. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांत न्यूमोनियाची साथ पसरली, तिच्या तपासात हा जंतू ओळखला गेला, आणि वयस्कांना तो जास्त त्रास देतो. तिथल्या भाड्याच्या घरातही पहिल्या दिवशी हेच करा.

परतल्यावर आठ-दहा दिवसांत सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि एचबीए१सी करा. एचबीए१सी मागच्या साधारण तीन महिन्यांची साखर सांगतं, म्हणजे तुमच्या मुक्कामाचाच तो हिशेब असेल. पत्नीची स्मरणशक्तीची चाचणीही जाण्यापूर्वी झाली होती तशीच पुन्हा करून घ्या. हे अहवाल हाती आल्यावरच पुढच्या वर्षीच्या घराची आगाऊ रक्कम भरा. आणि यंदाचं परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा.